आधी नळ, मग हद्द

कात्रजच्या नव्या बोगद्याला दोन तोंडं. पुण्याकडच्या तोंडाशी जांभूळवाडी, जरा बाजूला भिलारेवाडी, मांगडेवाडी. ही गावं २०२१ पासून पुणे महापालिकेत आहेत. साताऱ्याकडच्या तोंडाशी शिंदेवाडी. ती भोर तालुक्यात, म्हणजे अजून ग्रामपंचायतीच्या कारभारात. मधे एक डोंगर. त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्यात, दोन्हीकडचं गिऱ्हाईक पुण्याचं आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे टँकर. अलीकडचा माणूस तक्रार घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जातो, पलीकडचा ग्रामपंचायतीत. उत्तर दोघांनाही एकच मिळतं: हे आमच्याकडे येत नाही.

आता पुण्याची हद्द बोगदा ओलांडणार का, हा प्रश्न भोर-वेल्ह्यातले लोक विचारू लागलेत. विचारायलाच हवा. पुणं थांबणारं शहर नाही, आणि हद्दवाढीला डोळे झाकून विरोध करणाऱ्यांतला मी नाही. जिथे दहा मजली इमारती झाल्या तिथे ग्रामपंचायतीचा एक ट्रॅक्टर आणि दोन सफाई कामगार पुरत नाहीत. माझं भांडण क्रमाशी आहे. आधी शहराने पाणी नेलं, मग जमीन घेतली, मग हद्द आणली, मग घरपट्टी लावली. नळ सगळ्यांत शेवटी, आणि पुष्कळ ठिकाणी अजून नाहीच. हा क्रम उलटा झाल्याशिवाय भोर-वेल्ह्याने एक इंच हद्द देऊ नये.

पुण्याचा इतिहास काय सांगतो? १९९७ साली ३८ गावं महापालिकेत घेतली. विरोध झाला, राजकारण झालं आणि काही वर्षांतच त्यांतली पंधरा गावं पूर्ण आणि पाच गावं अंशतः वगळली. वगळलेल्या गावांमध्ये बांधकाम मात्र थांबलं नाही. उलट शहराच्या कडेला नियम सैल असलेला एक पट्टा तयार झाला आणि स्वस्त घराच्या शोधातला माणूस तिथे गेला. २०१७ मध्ये ११ गावं पुन्हा आत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. महापालिका क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी झाली, मुंबईहून मोठी. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद केली. आत, बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी दप्तर हललं, कर्मचारी हलले, फायली हलल्या. गटारं होती तिथेच राहिली.

फुरसुंगी-उरुळीचं उदाहरण भोरकरांनी नीट बघावं. ही गावं शहरात नव्हती तेव्हापासून शहराचा कचरा तिथे पडत होता. विहिरी नासल्या, लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं झाली. त्या गावांना शहर म्हणण्याआधी शहराने त्यांना कचरा डेपो म्हटलं. मग महापालिकेत घेतलं आणि सात वर्षांत परत सोडलं. डेपो मात्र कुठे हलला नाही.

आणि नांदेड, किरकटवाडी, नांदोशी. ही गावं खडकवासला धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. पुण्याला पाणी जातं ते यांच्या दारावरून. २०२१ मध्ये ती महापालिकेत आली. जानेवारी २०२५ मध्ये याच भागात, शेजारच्या धायरीत आणि सिंहगड रस्त्यावर गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग सापडायला लागले. या आजारात पाय लुळे पडतात, मग हात, आणि काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही दगावले, केंद्राचं पथक आलं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्या-अन्नातून येतो. तेव्हा सगळ्यांना कळलं की नांदेडच्या विहिरीतलं पाणी फक्त क्लोरीन टाकून नळाला सोडलं जात होतं. शुद्धीकरण केंद्र नव्हतं. शहरात येऊन साडेतीन वर्षं झाली होती.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण हद्दवाढीच्या बाजूने जेवढे युक्तिवाद आहेत ते सगळे त्या विहिरीच्या काठावर तपासून बघता येतात. नियोजन होईल, म्हणतात. सुविधा येतील, म्हणतात. ग्रामपंचायतीला झेपत नाही ते महापालिकेला झेपेल, म्हणतात. साडेतीन वर्षांत धरणाच्या पायथ्याला शुद्ध पाणी देता आलं नाही, तर डोंगरापलीकडच्या, भोरमधल्या नसरापूरला ते कशाच्या जोरावर देणार?

पैसे नव्हते, असं उत्तर येतं. ते अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेला दिली तेव्हा पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने त्याच गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (पीएमआरडीए) नेमलं. म्हणजे बांधकामाची परवानगी पीएमआरडीए देणार, विकसन शुल्क पीएमआरडीए घेणार आणि त्या इमारतींना पाणी, रस्ता, ड्रेनेज महापालिका देणार. परवानगी देणाऱ्याला पाइपची चिंता नाही, पाइप टाकणाऱ्याच्या हातात परवानगी नाही. मधल्या मधे फ्लॅट घेणाऱ्याच्या डोक्यावर वीस वर्षांचा हप्ता. पाण्याची सोय बिल्डरने टँकरने करायची, असं हमीपत्र लिहून घेऊन इमारती उभ्या राहिल्या. सोसायटी ताब्यात आली की टँकरचं बिल सभासदांच्या मेंटेनन्समध्ये चढतं. हे धोरण ज्यांनी आखलं त्यांना या गावांत राहायला जायचं नव्हतं.

आणि विचारायचं कुणाला? गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत त्याच दिवशी बरखास्त. सरपंच गेला, ग्रामसभा गेली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं या २३ गावांना ना सरपंच होता, ना स्वतः निवडून दिलेला नगरसेवक. प्रशासक होता. लाखो माणसांच्या वस्तीत दिवा बंद पडला तर दार ठोठावायला एकही निवडून दिलेला माणूस नाही, आणि याला आपण शहरीकरण म्हणत होतो.

गावकारभारी धुतल्या तांदळासारखे होते असंही नाही. २०२१ ची अधिसूचना यायच्या सुमारास काही ग्रामपंचायतींनी घाईघाईने कर्मचारी भरले, कारण ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाव लागलं की महापालिकेत कायम होता येतं. जिल्हा परिषदेच्या चौकशीत हा बोगस भरतीचा प्रकार बाहेर आला. पाण्याची टाकी बांधायला वेळ नव्हता, भाच्या-पुतण्यांची नावं मस्टरवर चढवायला होता. भोर आणि वेल्ह्यातल्या सरपंचांनी हद्दवाढीला विरोध करावा, जरूर करावा. पण गावासाठी आणि खुर्चीसाठी यांतला फरक गावाला कळतो.

आता बोगद्यापलीकडे येऊ.

६ जून २०१३. पावसाळ्याची सुरुवात. शिंदेवाडीजवळ महामार्गावरून जाणारी एक मोटार डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात सापडली आणि एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. दोघीही गेल्या. रस्त्यालगतचा डोंगर बांधकामासाठी कापला होता, पाणी वाहून जाण्याची नैसर्गिक वाट बुजवली होती. पाण्याने नवी वाट काढली, ती महामार्गावरून. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. डोंगर कापताना कुणी पाहिलाच नसेल? रोज हजारो वाहनं जातात त्या रस्त्यावरून. तलाठ्याने पाहिला, मंडल अधिकाऱ्याने पाहिला, टोल भरणाऱ्या प्रत्येकाने पाहिला. मुरूम भरलेले डंपर रात्रीचे लपून जात असतील, पण अख्खा डोंगर काही लपत नाही.

त्या घटनेला एक तप उलटून गेलं. सातारा रस्त्याने वेळू, शिवरे, केळवडे, कापूरहोळ असं जाऊन पाहा. डोंगराच्या पोटात जेसीबीने ओढलेल्या तांबड्या रेघा दिसतात. रेघेखाली चुना टाकून आखलेले प्लॉट, तारेचं कुंपण, कमान, कमानीवर रिसॉर्टसारखं नाव. खाली ओढा असतो, त्यावर दोन सिमेंटचे नळे टाकून रस्ता नेलेला. पाऊस पडला की तेच नळे तुंबतात. फलकावर लिहिलेलं असतं, स्वारगेटपासून अमुक मिनिटं. पाणी कुठून येणार आणि मैला कुठे जाणार, हे कुठल्याच फलकावर नसतं. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा एजंट म्हणतो, "काका, बोअरला पाणी भरपूर आहे, आणि पुढे कॉर्पोरेशन येतंयच की." येणारी हद्द हा या भागातला विक्रीचा मुद्दा झालाय. महापालिका अजून आलेली नाही, तिच्या नावावर गुंठे विकून झालेत.

विकणारे कोण? बहुतेक वेळा घरचेच. भाताच्या चार खाचरांवर पोट भरत नाही, पोरगा शिरवळच्या किंवा वेळूच्या कंपनीत कंत्राटी कामावर, पोरीचं लग्न आलेलं. एकरातले दहा गुंठे जातात, मग आणखी पाच. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्याला वळसा घालून एकाच गटात दहा-वीस सहहिस्सेदारांची नावं चढतात. सातबारा लांबत जातो, जमीन आखडत जाते. त्या सातबाऱ्यावर पुढे घर बांधायला कर्ज मिळत नाही, वाटणी होत नाही, आणि मोजणी आली की भांडण. मी या शेतकऱ्याला दोष देणार नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ता ठेवायचं काम ज्यांचं होतं त्यांना देईन.

ते काम पीएमआरडीएचं होतं. ३१ मार्च २०१५ ला हे प्राधिकरण स्थापन झालं. भोर आणि वेल्ह्यातली गावं त्याच्या क्षेत्रात आली. बांधकाम परवानगीचा अधिकार गावाकडून गेला. बदल्यात विकास आराखडा मिळणार होता. २०२१ मध्ये प्रारूप आराखडा आला, हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. दहा वर्षं गेली. लोक हेलपाटे घालून पुण्याला हरकती द्यायला गेले, सुनावणीला रजा टाकून गेले. हाती काय राहिलं? रस्ता कुठून जाणार, शाळेची जागा कुठली, कुठल्या ओढ्याला हात लावायचा नाही, हे आजही गावाला कागदावर सांगता येत नाही. आणि प्लॉटिंगवाल्यांनी आराखड्याची वाट पाहिलेली नाही.

मधल्या काळात रिंगरोड मात्र आला. त्याचा पश्चिमेकडचा भाग मावळातल्या उर्शापासून भोरमधल्या वरवे बुद्रुकपर्यंत. रुंदी ११० मीटर. भूसंपादन करायला यंत्रणेला वेळ मिळाला, मोजणीला माणसं मिळाली, पोलीस बंदोबस्त मिळाला. सरकारला हवं असलं की होतं, याचा हा पुरावा. रस्ता झाला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचं काय होणार, हे हिंजवडी-वाघोली बघून कुणीही सांगेल. रस्त्याची आखणी करताना ज्यांनी गावांचे गट नंबर शोधून काढले, त्यांनीच त्या गावांच्या पाण्याच्या लाइनची आखणी केली असती तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

वेल्ह्याचं दुखणं याहून जुनं आहे, आणि माझ्या मते याहून मोठं.

पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला साखळी चार धरणांची: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. एकूण साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यातलं पानशेत सुमारे साडेदहा, वरसगाव पावणेतेरा. या दोन्ही धरणांच्या भिंती वेल्हे तालुक्यात. म्हणजे पुणं ज्या साखळीवर जगतं तिच्यातलं जवळजवळ चार पंचमांश पाणी वेल्ह्यात अडवलेलं आहे. अंबी आणि मोसे खोऱ्यांतली गावं बुडाली, माणसं उठून दौंडकडे, कुठे कुठे गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात काय झालं हे पुण्यातल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. पानशेत बांधताना पानशेतच्या वरच्या अंगाला काय झालं, हे किती घरांत सांगितलं जातं? पुण्याने वेल्ह्याचं पाणी आपल्या हद्दीत घेतलं त्याला कित्येक दशकं झाली. त्या हद्दवाढीवर हरकती कुणी मागवल्या नव्हत्या.

भोरची गोष्ट वेगळी नाही. भाटघर इंग्रजांनी १९२७ मध्ये पुरं केलं, तेव्हा भोर संस्थान होतं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणला गेलं. मग नीरा देवघर झालं. वेल्ह्यात गुंजवणी झालं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या दोन तालुक्यांत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मार्च उलटला की धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये बायका हंडे घेऊन उतरतात, आणि जे पाणी खाली दिसतं ते आपलं नाही हे त्यांना ठाऊक असतं.

याच खोऱ्यात लवासा झालं. वरसगाव जलाशयाच्या काठाने, मुळशी आणि वेल्ह्यातल्या १८ गावांच्या क्षेत्रात. तिथे तर महापालिकेचीही वाट बघितली नाही. २००८ मध्ये सरकारने कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण करून टाकलं. स्वतःच्या इमारतींना स्वतःच परवानगी. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शहर वसवायचं तर कुणाला तरी उत्तरदायी असलेलं सरकार लागतं. ग्रामसभा बाजूला सारून, निवडणूक टाळून, कागदावर प्राधिकरण जन्माला घालून शहर होत नाही. त्या डोंगरातली माणसं हा धडा स्वतःची जमीन देऊन शिकलीत.

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं. २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला. मला दोन्हींचा मनापासून आनंद आहे. महाराजांनी पंचवीसेक वर्षं जिथून राज्य चालवलं त्या भागाला हा मान मिळायलाच हवा होता. पण मान मिळाल्यावर जबाबदारी वाढते. वारसा बघायला येणाऱ्या गाड्या गुंजवणे, पाल, साखर या गावांतूनच वर जाणार. तिथे हॉटेलं होतील, बंगले होतील, डोंगराला हात लागेल. पाबे घाटाने सिंहगडाच्या बाजूचं पुणं तिकडे उतरतंच आहे. नाव बदललं त्या तत्परतेने तालुक्याच्या पाण्याचा आणि डोंगरउताराचा निर्णय का होऊ नये?

बाहेर काय चाललंय तेही पाहू. बंगळूरने २००७ मध्ये आजूबाजूची शहरं आणि ११० गावं आत घेऊन मोठी महापालिका केली. त्या ११० गावांसाठीची कावेरीच्या पाण्याची योजना सुरू झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. सतरा वर्षांनी. तोवर पोरं जन्मून बारावीच्या उंबरठ्याला आली. आणि २०२५ मध्ये तीच मोठी महापालिका मोडून पाच केल्या. त्याच वर्षी हैदराबादने उलट केलं, भोवतालच्या २७ नगरपालिका-महापालिका एकात ओतल्या. एकाने तोडलं, दुसऱ्याने जोडलं. आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावं १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, आणि २०२० मध्ये त्यातली १८ वगळायचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. आकार केवढा असावा यावर अजून कुणाचंच ठरलेलं नाही. नळ कधी येणार, यावर तर कुणी बोलतच नाही.

पुण्याभोवतीही आता नव्या महापालिकांची भाषा चालू आहे. चाकण, हिंजवडी, मांजरी-फुरसुंगी-उरुळी असे तीन पट्टे २०२५ मध्ये अजित पवारांनी जाहीरपणे सांगितले. हिंजवडीत आयटीवाले स्वतःच म्हणतात, आम्हाला पिंपरी-चिंचवडमध्ये घ्या, रोजची कोंडी आणि खड्डे सोसत नाहीत. त्यांचं चुकीचं नाही. दक्षिणेकडे, म्हणजे भोर-वेल्ह्याकडे, मात्र अजून कुणाचं लक्ष नाही. माझ्या मते हीच संधी आहे. हिंजवडीला उशीर झाला, वाघोलीला उशीर झाला, मांजरीला झाला. नसरापूर-कापूरहोळला अजून झालेला नाही. इथे इमारती आहेत, पण डोंगर अजून उभे आहेत. ओढे अजून वाहतात. खाचरांत अजून इंद्रायणी आणि आंबेमोहोर पिकतो.

मग करायचं काय? महापालिकेत जायचं की नाही, हा प्रश्नच आधी बाजूला ठेवायचा. खेड्याचं शहर होऊ घातलेल्या भागासाठी ७४ व्या घटनादुरुस्तीनेच नगरपंचायत ठेवली आहे. महामार्गालगतची सलग गावं मिळून ती मागता येते. ती झाली तर परवानगी आणि पाइप एकाच कचेरीत येण्याची मागणी करता येईल, नगराध्यक्षाला रस्त्यात अडवता येईल, आणि घरपट्टी जिथली तिथेच खर्च होईल. नगरपंचायत झाली म्हणजे सगळं सुधारलं, असं नाही. महाराष्ट्रात अशा कितीतरी नगरपंचायती आहेत जिथे मुख्याधिकारी टिकत नाही आणि तिजोरीत पगारापुरते पैसे नाहीत. पण निदान विचारायला दार आपल्या गावात असतं.

महापालिकेत जायची वेळ आलीच, तर तिथेही रिकाम्या हाताने जायचं नाही. हद्द बदलायची तर सरकारला आधी प्रारूप अधिसूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. आजवर गावांनी त्या हरकतींमध्ये काय लिहिलं? बहुतेक वेळा एक ओळ: आमचा विरोध आहे. ही ओळ फायलीला लागते आणि फाइल पुढे जाते. त्याऐवजी अटी लिहायला हव्यात, आणि लेखी उत्तर मागायला हवं. पाण्याचा स्रोत कुठला, जलसंपदा खात्याने किती पाणी मंजूर केलं, त्या पत्राचा क्रमांक काय. मैलाशुद्धीकरणाची जागा कुठल्या गटात आणि तिचा पैसा कुठल्या अंदाजपत्रकात. परवानगी कोण देणार, विकसन शुल्क कुणाच्या खात्यात जाणार. सहा महिन्यांत प्रभागाची निवडणूक घेणार की पुन्हा प्रशासक बसवणार. हे कागदावर आल्याशिवाय करवाढ लागू करायची नाही. २०२४ मध्ये समाविष्ट गावांच्या मिळकतकर वसुलीला सरकारने स्थगिती दिली, तेव्हा पेढे वाटले गेले. त्या स्थगितीने नळाला पाणी आलं का? महापालिकेला उलट सांगायला कारण मिळालं की तुम्ही कर देत नाही, आम्ही काय देणार. कर द्यायची लोकांची तयारी असते, नळाला पाणी यायला हवं.

वेल्ह्याची एक मागणी वेगळी आणि तिला हद्दीशी काही देणंघेणं नाही. पानशेत आणि वरसगावच्या पाण्यातून धरणांच्या वरच्या आणि भोवतालच्या गावांचा पिण्याचा वाटा आधी राखून ठेवा, उरलेलं खाली सोडा. पिण्यापुरतं पाणी, तेही काही वाड्या-वस्त्यांचं. २९ टीएमसीच्या साखळीत ते शोधूनही सापडणार नाही इतकं थोडं आहे. पुण्याच्या नव्या सभागृहात आता निवडून आलेले नगरसेवक बसलेत. त्यांच्यापैकी एकाने तरी असा ठराव मांडावा की आमच्या नळाचं पाणी जिथून येतं त्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागणार नाही, याचा खर्च पुणे महापालिका उचलेल. पुणेकर अशा ठरावाला विरोध करतील असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

आणि शिंदेवाडीपासून वरव्यापर्यंतच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत निदान एवढं करावं: आपल्या शिवारातले सगळे ओढे आणि डोंगरउतार गट नंबरासह ठरावात लिहून काढावेत, आणि तो ठराव तहसीलदार, पीएमआरडीए आणि महापालिका, तिघांना पोचपावती घेऊन द्यावा. उद्या हद्द कुणाचीही येवो, ओढा कुठे होता हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय कुणाला राहणार नाही. तलाठ्याकडे नकाशे आहेत, गावातल्या म्हाताऱ्यांना पाण्याच्या वाटा पाठ आहेत. दोन दिवसांचं काम आहे.